न बघता वाजवायचा आयपॉड

एडमंटन,
१४ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र तूच मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून मधेमधे तुझ्यासाठीही लिहिलंय. हसू आलं तर वाचून झाल्यावर हस. हेच सगळं फोनवर सांगायला गेले की बाबा "हो हो, कळलं" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात. म्हणून कागद घेतला.

रविवारी तू म्हणालीस की बाबांनी त्यांचा गाण्यांचा आयपॉड क्लासिक कपाटात ठेवून दिलाय. पडद्यावरचं काहीच दिसत नाही आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत. म्हणजे दोन महिने भीमसेनजी नाहीत, कीर्तन नाही, आणि घरभर बाबांची चिडचिड. फोन ठेवला आणि लक्षात आलं, गेला महिनाभर मी माझा आयपॉड पडद्याकडे न बघताच वाजवतेय.

त्याला कारण इथली थंडी. सकाळी साडेआठलाही सूर्य उगवलेला नसतो आणि पारा उणे चोवीस. बस स्टॉपवर जाड हातमोजे घालून उभी असते. आवाज कमी करायला पडद्याखालच्या गोल चकतीवरून बोट फिरवावं तर काहीच होत नाही, कारण चकतीला उघड्या बोटाचा स्पर्शच कळतो, लोकर कळत नाही. हातमोजा काढला की दोन मिनिटांत बोटं बधिर, आणि मागचं स्टील म्हणजे बर्फाची लादी. पण एक दिवस वैतागून हातमोज्यासकट चकतीची उजवी कड दाबली आणि गाणं बदललं! चकतीच्या खाली चार बाजूंना खरीखुरी दाबायची बटणं आहेत, मधलंही तसंच. त्यांना हातमोज्याचं काही नाही. इतकी वर्षं वापरतेय, पण ही दोन वेगवेगळी यंत्रं एकावर एक बसवलीत हे कधी डोक्यात आलंच नव्हतं.

शिवाय आत फिरणारी हार्ड डिस्क आहे, आणि माहितीपुस्तिकेत शून्य ते ३५ अंशांतच वापरा असं लिहिलंय. म्हणून तो स्वेटरच्या आतल्या खिशात गेला. आता दिसायचा प्रश्नच नाही, सगळं चाचपून.

तर बाबा, आयपॉड हातात घ्या. गुळगुळीत थंड बाजू तळहाताकडे. इअरफोनचं भोक वरच्या कडेला उजवीकडे आलं पाहिजे. त्याच कडेला डावीकडे एक बारीक सरकपट्टी आहे, तिचं नाव होल्ड. ती सरकलेली असली की सगळी बटणं मुकी. मागे तुम्ही "बिघडला" म्हणून दादाला दुकानात पाठवलं होतंत, तेव्हा तीच सरकलेली होती. आई, तिथे केशरी रंग दिसला तर कुलूप लागलंय असं समज.

आता चकती. खालची कड एकदा दाबली की चालू किंवा बंद, हे तुम्हाला येतं. पण तीच कड दोन-तीन सेकंद दाबून धरली की आयपॉड झोपतो. वरची कड, म्हणजे मेनू, दाबून धरली की कुठेही हरवला असलात तरी थेट पहिल्या पानावर. एकेक पायरी मागे यायला नको. डावी कड एकदा दाबली तर चालू गाणं पहिल्यापासून, लागोपाठ दोनदा दाबली तर आधीचं गाणं. तुम्ही चिडायचात ना, "मागे जायला सांगितलं तर हा तेच परत लावतो"? एका दाबाचा तो अर्थच तसा आहे.

खरी गंमत क्लिकरची. सेटिंग्जमध्ये तो चालू असला की चकती फिरवताना टक् टक् होतं. तो आवाज शोभेचा आहे असं मला वाटायचं. पण यादीतली एक ओळ सरकली की एक टक्, आणि यादी संपली की टक् बंद. म्हणजे न बघता मोजता येतं, जपाचे मणी ओढतात तसं. मेनू दाबून धरा, चकती उलटी फिरवत राहा, टक् थांबला की तुम्ही सगळ्यात वर. तिथून इतके टक् खाली, मधलं बटण, पुन्हा इतके टक्, की भीमसेनजी. प्लेलिस्ट हा पर्याय पहिल्याच पानावर आणून ठेवता येतो, सेटिंग्जमधल्या 'मेन मेनू'त. आई, ते तेवढं तू कर. आणि प्लेलिस्ट चारच ठेवा: अभंग, ख्याल, नाट्यसंगीत, कीर्तन. चाळीस असल्या तर मोजता मोजता बाबांना झोप लागेल.

एक लक्षात ठेवा, गाण्याचं पान समोर असेल तरच चकतीने आवाज कमीजास्त होतो. यादी समोर असेल तर तीच चकती यादी सरकवते. टक् ऐकू आला की समजायचं, आपण यादीत आहोत.

ख्यालासाठी एक युक्ती. गाणं चालू असताना मधलं बटण एकदा दाबा आणि लगेच चकती फिरवा. आता आवाज नाही, गाणंच पुढेमागे सरकतं. चाळीस मिनिटांच्या रागात द्रुत कुठे सुरू होतं ते तुम्हाला पाठच आहे, तेव्हा अंदाजाने पोचाल. (विलंबित गाळून द्रुत ऐकणं हे पाप आहे असं तुम्ही म्हणाल. मी ते बसमध्ये रोज करते.)

देवळातल्या कीर्तनाचं दोन तासांचं रेकॉर्डिंग तुम्ही दर वेळी गणपतीच्या नमनापासून ऐकता, कारण मधे दुसरं काही लावलं की कुठवर आलो होतो ते हरवतं. त्याचा इलाज आयपॉडवर नाही, संगणकावर आहे. दादाला सांगा: आयट्यून्समध्ये त्या फाईलवर राइट क्लिक, 'गेट इन्फो', मग 'ऑप्शन्स'. तिथे 'रिमेम्बर प्लेबॅक पोझिशन' आणि 'स्किप व्हेन शफलिंग', दोन्हींवर टिक. पहिल्याने कीर्तन जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू होतं, दुसऱ्याने शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने, लावलं की अभंगांच्या मधेच बुवा टपकत नाहीत. तिथेच सुरुवातीची आणि शेवटची वेळही घालता येते. सुरुवातीला माइक नीट करत पाच मिनिटं खोकणं चाललंय, ते मूळ फाईलला हात न लावता वगळता येईल.

रात्री ऐकत झोपता ना? 'एक्स्ट्राज'मध्ये 'अलार्म्स', त्यात 'स्लीप टायमर'. तीस मिनिटं लावलीत की तो आपोआप बंद होतो. आई, हे तुझ्यासाठी, म्हणजे रात्री उठून त्यांच्या कानातल्या वायरी काढायला नकोत. आणि त्यांच्या कानांची काळजी वाटत असेल तर सेटिंग्जमध्ये 'व्हॉल्यूम लिमिट' आहे. त्याला चार आकडी कुलूपही लावता येतं. आकडा त्यांना सांगू नकोस.

गोठलाच कधी, तर होल्डची पट्टी एकदा पुढेमागे करून मेनू आणि मधलं बटण एकदम सहा-आठ सेकंद दाबून धरायचं. सफरचंद दिसलं की सोडायचं. गाणी जात नाहीत.

ऑफिसमधली एक मैत्रीण जानेवारीत पुण्याला येतेय, तिच्याबरोबर इअरफोन पाठवतेय. त्याच्या तारेवर छोटी पट्टी आहे, वर दाबलं की आवाज वाढतो, खाली दाबलं की कमी. मधे एकदा दाबलं की थांबतं किंवा सुरू होतं, दोनदा पुढचं गाणं, तीनदा आधीचं. काकांनी आपल्याला आणले ते दोन्ही २००९ चे, १६० जीबीचे, त्यांना हा चालतो. २००८ च्या आधीच्या जुन्यांना चालत नाही. बाबा, हा मिळाला की आयपॉड सदऱ्याच्या खिशातून बाहेर काढायचीही गरज नाही.

आई, आज कपाटातून काढ, चार्जिंगला लाव आणि चष्मा लावून एकदाच मोज: वरून अभंगांपर्यंत किती टक् आणि कीर्तनापर्यंत किती. रविवारी फोनवर मला आकडे सांग, मी बाबांना विचारणार आहे.

तुमची,
धाकटी