पाकिटावर तारे नकोत, इशारा हवा

महोदय,

रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितल्यापासून माझ्या आईने पानात वरून मीठ घेणे कटाक्षाने बंद केले. संध्याकाळच्या चहाबरोबरची पाकिटातली शेव मात्र चालूच राहिली, कारण ती 'काही फार खारट नसते'. परवा ते पाकीट उलटे करून पाहिले, तेव्हा मागच्या जोडाच्या दुमडीत, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम असल्याची नोंद सापडली. सोडियमला अडीचने गुणले की मीठ कळते, म्हणजे येथे ते दोन ग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे. हा गुणाकार वाण्याच्या दुकानात उभे राहून कोण करणार? त्यातून बंधनकारक मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत छापला तरी नियमाला पुरतो, मराठीची सक्ती नाही.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूस अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे छापण्याचा मसुदा मांडला होता. त्यातील मेख अशी की साखर, मीठ आणि संपृक्त चरबी यांच्यामुळे पदार्थाचे गुणांकन बिघडत असले, तरी तंतुमय घटक, प्रथिने किंवा सुकामेवा यांच्यामुळे ते पुन्हा सावरते. साखरेने भरलेल्या बिस्किटात थोडा कोंडा मिसळला म्हणून मधुमेह्यासाठी त्यातील साखर कमी होत नाही. शिवाय हॉटेलांमुळे तारा म्हणजे प्रशस्तिपत्र हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे, त्यामुळे एक तारासुद्धा शाबासकीच वाटेल. चिली या देशाने २०१६ पासून वेगळी वाट धरली. तेथे साखर, सोडियम, संपृक्त चरबी किंवा उष्मांक मर्यादेबाहेर गेल्यास त्या प्रत्येकासाठी दर्शनी बाजूवर 'जास्त' असे सांगणारा काळा अष्टकोन छापावा लागतो.

आपल्याकडे शाकाहाराचा हिरवा ठिपका अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळतो. केक घेताना आई आधी तोच शोधते. मग मिठासाठी तशी खूण का नसावी? पारंपरिक पदार्थ बदनाम होतील, हा आक्षेप मला पटत नाही. लोणचे खारट असते हे ठाऊक असल्यानेच आपण ते पानात डावीकडे, चमचाभर वाढतो. फसगत होते ती पाव, बिस्किटे आणि सॉसमध्ये, जेथे मीठ जिभेला जाणवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये या प्रश्नावरील तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितले होते. अंतिम नियमांत ताऱ्यांऐवजी थेट इशारा असावा, तो राज्याच्या भाषेतही छापला जावा आणि त्याचे मोजमाप उत्पादकाने ठरवलेल्या 'एका वाढणी'वर नव्हे, तर १०० ग्रॅमवर व्हावे, एवढीच मागणी आहे.

— एक ग्राहक, सांगली