करंगळी उचल!

प्रिय अंकल,
सा. न. वि. वि.

मी मुळात पेटीवाला. भावगीतांच्या कार्यक्रमांत तीन सुरांच्या कॉर्डवर, म्हणजे एकदम दाबलेल्या तीन सुरांवर, वीस वर्षं निभावून नेली. मग हौसेने जॅझ वाजवणाऱ्या चौघांत शिरलो आणि पहिल्याच तालमीत कागदावर ‘जी थर्टीन’ ही कॉर्ड बघून घाम फुटला. तेरा सूर आणायचे कुठून?

तुम्ही हसला नाहीत. ‘तेरातून सात वजा कर,’ एवढंच म्हणालात. उरले सहा. जी हा सा धरला तर सहावा सूर ध, फक्त वरच्या सप्तकातला. तसाच नऊ म्हणजे रे, अकरा म्हणजे म. पुस्तकं वाचून जे शिरलं नव्हतं, ते वजाबाकीने शिरलं.

मग मी सगळेच सूर दाबत सुटलो. वर शुद्ध ग आणि शुद्ध म एकमेकांना टोचत होते. खाली माझा सा आणि बेसवाल्याचा, म्हणजे खर्जाचे सूर वाजवणाऱ्याचा, सा मिळून नुसता चिखल. तुम्ही माझं डावं मनगट धरलंत. ‘बाबा, तो सा बेसवाल्याचा. करंगळी उचल.’ तेरामधला पंचमही तुम्ही काढून टाकलात. ग आणि कोमल नि तेवढे सोडायचे नाहीत, म्हणालात.

त्या दुपारचं अजून आठवतं. डी मायनर नाइन म्हणून तुम्ही माझी बोटं ठेवलीत: पेटीच्या भाषेत पांढरी चार, सहा, वरची एक, तीन. मी म्हटलं, ‘ही तर एफ मेजर सेव्हन!’ तुम्ही खाली नुसता डी वाजवलात आणि त्याच चार सुरांचं नाव बदललं. मग एकवरचं बोट सातवर आणायला सांगितलंत. एकच बोट, अर्धा सूर खाली, झाली जी थर्टीन. पुढे सात तिथेच धरून बाकीची तीन बोटं एकेक पांढरी उतरवली, की सी मेजर नाइन. आणि मी इतकी वर्षं पहिलं, दुसरं, तिसरं इन्व्हर्जन, म्हणजे त्याच सुरांची खालीवर अदलाबदल, पाढ्यांसारखं घोकत, हात कीबोर्डभर उडवत होतो!

परवा आमचा बेसवाला म्हणाला, ‘आता माझा बेस मला ऐकू येतो.’ ही दाद तुमची, म्हणून हे जाहीर पत्र.

सगळं काळी दोनच्या सुरात वाजवताना मात्र अजून अडखळतो. तिथे तेच बोट काळी दोनवरून पांढरी दोनवर यायला हवं, ते हमखास तीनवर पडतं. रविवारी चर्चमधल्या मासनंतर येऊ का?

तुमचा,
पेटीवाला