स्लॅब मोजू नका, टेबलावरची ड्रॉइंग मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर भागात पुनर्विकासाला गेलेल्या इमारती का रखडतात, यावर वर्तमानपत्रांतून बरंच छापून येतं. कारणंही ठरलेली : पाऊस, मजूर गावाला गेले, महापालिकेची परवानगी अडकली. तीस वर्षं साइटवर प्लॅनिंग सांभाळून मी निवृत्त झालो. ही कारणं खोटी नाहीत. पण एक कारण कधी छापून येत नाही, कारण ते साइटवर दिसतच नाही. ते कुणाच्या तरी टेबलावर फायलीत पडलेलं असतं.

खिडकी असो की पाण्याचा पाइप, वस्तू मागवण्याआधी ठेकेदार तिचं शॉप ड्रॉइंग (वस्तू नेमकी कशी बनवणार, त्याचा मापांसह नकाशा), नमुना, टेस्ट रिपोर्ट मंजुरीला पाठवतो. याला आम्ही ‘सबमिटल’ म्हणतो. आर्किटेक्ट किंवा कन्सल्टंट ते तपासून बहुतेक ठिकाणी कोड लावून परत करतात : ‘ए’ म्हणजे करा, ‘बी’ म्हणजे शेरे पाळून करा, ‘सी’ म्हणजे सुधारून पुन्हा पाठवा. सातआठ मजली इमारतीलाही अशी शे-दोनशे सबमिटल सहज होतात.

बाणेरच्या एका साइटवर आमचं लिफ्टचं ड्रॉइंग ४१ दिवस पडून राहिलं. स्लॅब काही त्याच्यासाठी थांबत नाहीत. ड्रॉइंग परत आलं तेव्हा त्यावर लाल पेनाने लिहिलेलं : दरवाज्याची ओपनिंग ९०० नव्हे, १००० मिलिमीटर. तोवर शाफ्टच्या काँक्रीट भिंती चार मजले वर गेल्या होत्या. मग ब्रेकर लावून चारही मजल्यांवर कडा फोडल्या. फोडताना सळया कापल्या गेल्या, म्हणून स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून दुरुस्तीचं डिटेल आणि त्याची वेगळी मंजुरी. शंभर मिलिमीटरसाठी, म्हणजे चार बोटांपेक्षा थोड्या जास्त रुंदीसाठी, आमचा सव्वा महिना गेला. त्या महिन्याच्या रिपोर्टात कारण काय लिहिलं माहीत आहे? ‘मजुरांची कमतरता’. ते लिहिणारा मीच होतो.

आणखी एक कबुली. एका प्रकल्पावर महिनाअखेर गाठायची म्हणून मी एकाच दिवशी ६४ सबमिटल पाठवली होती. पलीकडे तपासायला एक ज्युनिअर मुलगी. तिने पहिल्या अनुक्रमांकापासून सुरुवात केली, आणि पहिल्या वीसांत होती बाथरूमचे नळ आणि दरवाज्याच्या कड्या, ज्या वर्षभर लागणार नव्हत्या. तातडीचं वॉटरप्रूफिंग सत्तेचाळिसावं. दोष तिचा नव्हता. वस्तू साइटवर कधी हवी, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

हा हिशोब उलटा मांडायचा असतो. समजा लिफ्टचा माल १ डिसेंबरला हवा आहे आणि कंपनी सही झालेलं ड्रॉइंग हातात पडल्यावर १६ आठवडे मागते. तपासणीला १० दिवस, दुरुस्तीला आठवडा, पुन्हा तपासणीला १० दिवस. म्हणजे ड्रॉइंग जुलैच्या मध्याला जायलाच हवं. यात गणपती आणि दिवाळी धरलेली नाही. ती धरली, तर पालख्या पुण्यातून पुढे सरकतात त्या सुमारास ड्रॉइंग कन्सल्टंटकडे पोचलेलं बरं. काही गोष्टींना तर घाई चालतच नाही. काँक्रीटचं मिक्स डिझाइन, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी, पाण्याचं प्रमाण, मंजूर करायचं तर ट्रायलच्या क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्याचा, २८ दिवसांच्या ताकदीचा रिझल्ट लागतो. ऐन वेळी सिमेंट बदललं, तर पुन्हा ट्रायल आणि पुन्हा वाट बघणं.

‘किंवा समतुल्य’ या दोन शब्दांनीही माझे पुष्कळ दिवस खाल्ले. टेंडरात एका कंपनीचं नाव आणि पुढे हे दोन शब्द असले, की ठेकेदार स्वस्तातलं काढतो, कन्सल्टंट नाकारतो आणि फाइल तीन फेऱ्या मारते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘ओके, करा’. ही मंजुरी धरून काम करू नये. बिलाच्या वेळी ती कुणालाच आठवत नाही.

पुण्यात पीएमसी म्हटलं की महापालिकाच डोळ्यांसमोर येते. मी म्हणतो ती दुसरी, प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, म्हणजे सोसायटी नेमते ती प्रकल्प सल्लागार. पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयात तिच्या नेमणुकीची पद्धत दिलेली आहे. तिच्या करारात तपासणीचे दिवस आकड्यात लिहून घ्या. दर महिन्याच्या बैठकीत सबमिटलचं रजिस्टर मागा : काय पाठवलं, कधी, कुणाकडे आहे, साइटवर कधी हवं. ‘कितवा स्लॅब झाला?’ हे रस्त्यावरून जातानाही मोजता येतं. पूर्ततेची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर दिसते, पण त्या तारखेला पोचायला कुठली सही बाकी आहे, ते तिथे दिसत नाही.

आता आमच्याच सोसायटीचं सांगतो. इमारत पाडून दीड वर्ष झालं. निम्मे सभासद सत्तरीपुढचे, भाड्याच्या घरात राहणारे. गेल्या रविवारी मी मोठ्या तावाने बैठकीत रजिस्टर मागितलं. पीएमसीच्या मुलाने निमूटपणे पुढे सरकवलं. सगळ्यात जुनी नोंद होती हॉलच्या टाइल्सची, ५३ दिवसांची. ‘कुणाकडे’ या रकान्यात लिहिलं होतं : ‘सोसायटी कमिटी’. नमुन्याच्या तीन टाइल्स आमच्या चेअरमन साहेबांच्या भाड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत, कुंडीखाली सापडल्या. आम्ही २८ सभासद आहोत. एकवीस जणांना मॅट हवी आहे, सहा जणांना ग्लॉसी, आणि कुलकर्णी वहिनींना आधी त्या ओल्या करून पाहायच्या आहेत.

आपला,
एक निवृत्त प्लॅनिंग इंजिनीअर,
कोथरूड, पुणे