सागरी मत्स्यालयाचा घरगुती मॅग्नेटिक स्टरर : भोवऱ्याच्या मागे लागू नये

महोदय,

घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये सध्या संगणकाच्या जुन्या पंख्यापासून मॅग्नेटिक स्टरर, म्हणजे फिरत्या चुंबकाने द्रावण ढवळणारे यंत्र, बनवण्याची हौस दिसते. ही हौस चांगली आहे आणि मी तिचे मनापासून स्वागत करतो. मात्र पंखा कसा बसवावा, चुंबक कुठे चिकटवावेत एवढेच बहुधा सांगितले जाते. त्या उपकरणावर कोणते द्रावण ढवळायचे, ते किती वेगाने ढवळायचे आणि कोणते द्रावण जोरात ढवळायचेच नाही, याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. माझ्या नोकरीची सारी वर्षे महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून गेली आणि निवृत्तीनंतर या मत्स्यालयाचा छंद जडला. दोन्ही बाजू जवळून पाहिल्या असल्यामुळे हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

अशा मत्स्यालयात पाळले जाणारे प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे साधारण ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते, तर क्षारता (खारेपणा नव्हे, तर पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, इंग्रजीत अल्कलिनिटी) ‘जर्मन अंश’ या तिच्या एककात सातच्या आसपास भरते. समुद्र अथांग असल्याने तिथे हा साठा हटत नाही. पण शे-दोनशे लिटरच्या काचेच्या टाकीत तो दिवसागणिक घटतो. कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅमने उतरले की क्षारता जवळजवळ २.८ अंशांनी उतरते. हे प्रमाण ठरलेले असल्यामुळे दोन्हींची भर बरोबरीने घालावी लागते. त्यासाठी कॅल्शियम क्लोराईडचे एक आणि खाण्याच्या सोड्याचे किंवा धुण्याच्या सोड्याचे दुसरे अशी द्रावणे वेगवेगळी करून ठेवतात. ही दोन तीव्र द्रावणे एकमेकांत मिसळली की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. अर्धवट विरघळलेली भुकटी टाकीत गेली तर तीही घातकच ठरते, कारण सोड्याचा किंवा चुन्याचा कण ज्या प्रवाळावर बसेल तिथली ऊती जळते. म्हणजे पूर्ण विरघळणे ही इथली पहिली अट आहे. चमच्याने ढवळून ती पुष्कळदा साधत नाही, म्हणून स्टरर हवा.

या यंत्राचे तत्त्व फार जुने आहे. अमेरिकेतील आर्थर रोझिंगर यांना १९४४ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीच रचना आजही चालते : खाली फिरणारे चुंबक आणि वर भांड्यात त्याच्या ओढीने फिरणारी, लेप दिलेली चुंबकीय कांडी. घरी करताना १२ व्होल्टचा, ८० किंवा १२० मिलिमीटरचा पंखा घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत तो सहज मिळतो, पण बंद पडलेल्या संगणकातला काढला तर त्याहून चांगले. त्याच्या मधल्या गोल भागावर आधी एक सपाट लोखंडी वॉशर चिकटवावा आणि त्यावर दोन चकती चुंबक समोरासमोर बसवावेत, एकाचा उत्तर ध्रुव वर आणि दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव वर. वॉशरमुळे चुंबक पक्के धरतात, शिवाय त्यांचे क्षेत्र खालच्या मोटरीत फारसे शिरत नाही. वॉशर नसेल तर काही पंखे सुरू होतानाच अडखळतात. दोन चुंबकांमधले अंतर कांडीच्या लांबीशी जुळते असावे. २५ ते ४० मिलिमीटरची कांडी एक-दोन लिटरच्या भांड्याला पुरते.

निकामी हार्ड डिस्कमधला चुंबकही चालतो, आणि मला तो अधिक आवडतो. या चापाकृती चुंबकाच्या एकाच पृष्ठावर दोन्ही ध्रुव शेजारी शेजारी असतात, त्यामुळे असा एकच चुंबक मधोमध बसवला तरी काम भागते. तो पोलादी पट्टीला घट्ट चिकटलेला असतो. पट्टी पकडीत धरून हळूहळू वाकवली की तो सुटतो. पेचकसाने उचकटला तर त्याचे टवके उडतात, म्हणून हे करताना डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. बसवताना तो केसभर जरी एका बाजूला सरकला तरी पंखा थरथरतो आणि काही आठवड्यांत त्याचे बेअरिंग वाजू लागते. गोंद वाळण्यापूर्वी पंखा बोटाने फिरवून, चुंबकाची कड दर फेरीला त्याच जागेवरून जाते का, हे कडेला पेन्सिलीचे टोक धरून पाहावे. या कामात घाई करू नये.

पंखा ज्या खोक्यात बसवायचा त्याचे वरचे झाकण, म्हणजे ज्यावर भांडे ठेवायचे ते, तीन मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिकचे असावे आणि चुंबक त्याच्या खाली तीन-चार मिलिमीटरवर फिरावा. पंखा लांब स्क्रू आणि नट यांवर बसवला तर ही उंची हवी तशी जुळवता येते. पोलादाचे झाकण अर्थातच चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमचेही टाळावे, ते चुंबकाला चिकटत नसले तरी फिरत्या चुंबकामुळे त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते फिरणाऱ्या भागाला मागे खेचतात.

वेग कमी-जास्त करण्यासाठी रेडिओतले साधे छोटे पोटेन्शिओमीटर थेट जोडण्याची पद्धत दिसते. पंख्याचा प्रवाह त्याला झेपत नाही आणि ते जळते. १२ व्होल्टच्या मोटरीसाठी तयार मिळणारा पीडब्ल्यूएम नियंत्रक (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग बदलणारा) वापरावा. इथे एक पेच आहे. फार कमी व्होल्टेजवर पंखा मुळात सुरू होत नाही, आणि एकदम वेगात सुरू झाला तर कांडी चुंबकाची साथ सोडून भांड्यात उड्या मारत राहते. तेव्हा पंखा ज्या सर्वांत कमी वेगावर आपोआप सुरू होतो, त्या वेगावर कांडी पकडली जाते की नाही हे आधी नुसत्या पाण्यात तपासावे. पकडली जात नसेल तर चुंबक आणि झाकण यांच्यातले अंतर कमी करावे. वेग वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

भांडे तळाला सपाट असणे यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे. पुष्कळ बाटल्यांचा तळ मध्ये उचललेला असतो आणि प्लॅस्टिकच्या डब्यांना खाली आडव्या-उभ्या धारा असतात. अशा तळावर कांडी एका जागी टिकत नाही. बोरोसिलिकेट काचेचा बीकर किंवा शंकूपात्र उत्तम. पाणी आधी फिरते ठेवून भुकटी त्यात थोडी थोडी सोडावी, कारण तळाशी ढीग साचला की कांडी त्यात रुतून बसते. कॅल्शियम क्लोराईड पाण्यात पडताच बरीच उष्णता बाहेर टाकते, म्हणून ते तर सावकाशच घालावे आणि द्रावण निवेपर्यंत झाकण घट्ट लावू नये. खाण्याचा सोडा उलट पाणी गार करतो आणि रेंगाळत विरघळतो. २० अंश तापमानाला लिटरभर पाण्यात तो सुमारे ९५ ग्रॅमच मावतो, त्यापेक्षा जास्त घालून तासन् तास स्टरर चालवण्यात अर्थ नाही. पाणी उकळून घालण्याचा मोहही टाळावा, कारण उष्णतेने सोड्यातला कार्बन डायऑक्साइड सुटू लागतो आणि द्रावण बदलते. स्वयंपाकघरातल्या डब्यात खाण्याचा सोडा आहे की बेकिंग पावडर, हेही पाहून घ्यावे. बेकिंग पावडरीत स्टार्च आणि आम्लधर्मी क्षार असतात, ते टाकीत जाता कामा नयेत. वीस लिटरच्या पिंपात मीठ कालवायचे असेल तर हा स्टरर त्या कामाचा नाही, तिथे पाण्यातला छोटा पंप वापरावा.

आता हे पत्र ज्यासाठी लिहिले त्या गोष्टीकडे येतो. टाकीला कॅल्शियम आणि क्षारता एकाच वेळी देण्याची जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे चुन्याची निवळी. युरोपात मत्स्यालयतज्ज्ञ पीटर विल्केन्स यांनी ती प्रवाळांच्या मत्स्यालयांसाठी रूढ केली. लिटरभर पाण्यात खोलीच्या तापमानाला दीड ग्रॅमच्या थोडा वर एवढाच चुना विरघळतो आणि त्या निवळीचा सामू साडेबाराच्या जवळ जातो. शाळेत आपण सर्वांनी या निवळीत नळीने फुंकर घातलेली आहे आणि ती दुधाळ होताना पाहिली आहे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेटचे न विरघळणारे कण तयार होतात, म्हणून ती दुधाळ होते. खोलीतल्या हवेतही हाच वायू आहे. उघड्या बीकरमध्ये निवळी ठेवून स्टरर पूर्ण वेगाने चालवला, पृष्ठभागापासून तळापर्यंत सुंदर भोवरा तयार झाला, की तो भोवरा हवा आत ओढू लागतो आणि शाळेतला तोच प्रयोग नकळत घरी होतो. द्रावण पांढरे दिसते म्हणून चुना छान मिसळला असे वाटते. प्रत्यक्षात त्यातला काही भाग निकामी खडू झालेला असतो आणि टाकीला कॅल्शियमही कमी मिळते, क्षारताही.

म्हणून निवळीसाठी भोवरा मुळीच पडू देऊ नये. झाकणाची बाटली घ्यावी, ती गळ्यापर्यंत भरावी म्हणजे वर हवा फारशी राहत नाही, लिटरमागे दोन ग्रॅम चुना घालावा, झाकण लावावे आणि पृष्ठभाग जेमतेम हलेल एवढ्या मंद वेगाने काही मिनिटे ढवळावे. मग स्टरर बंद करून काही तास तसेच राहू द्यावे. वर सायीसारखा पापुद्रा धरतो तो मोडू नये, कारण तो खालच्या निवळीचे हवेपासून रक्षण करतो. तळाचा गाळही हलवू नये. मधली नितळ निवळी तेवढी घ्यावी आणि बाष्पीभवनाने टाकीतले जेवढे पाणी कमी झाले असेल तेवढीच, थेंब थेंब, शक्यतो रात्री सोडावी. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबल्याने टाकीचा सामू उतरलेला असतो आणि निवळीने तो सावरतो. चुना प्रयोगशाळेच्या किंवा खाद्य प्रतीचा असावा. पानाच्या डबीतला किंवा भिंतींना लावायचा चुना स्वस्त पडतो, पण त्यात काय काय मिसळलेले आहे याची शाश्वती नसते.

कांडीच्या बाबतीतही काटकसर नको. टेफ्लॉनचा लेप असलेली कांडी प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळते. चुंबकाच्या तुकड्यावर नखांचे रंग किंवा गरम गोंद लावून केलेली कांडी खाऱ्या आणि अल्कधर्मी द्रावणात टिकत नाही. लेपाला चीर गेली की निओडिमियम चुंबक लगेच गंजतो आणि त्याच्या मुलाम्यातले निकेल, पुष्कळदा तांबेही, द्रावणात उतरते. प्रवाळ, शंख आणि कोळंबी यांना तांब्याचा अंशही सोसत नाही. टेफ्लॉनची कांडीसुद्धा न विरघळलेल्या कणांवर घासून झिजते, म्हणून ती अधूनमधून उजेडात धरून पाहावी आणि तपकिरी डाग दिसला की टाकून द्यावी.

विजेसाठी तयार, बंदिस्त १२ व्होल्टचा अडॅप्टरच वापरावा आणि २३० व्होल्टची जोडणी खोक्यात आणू नये. अडॅप्टर टाकीच्या पातळीपेक्षा वर भिंतीवर असावा आणि त्याची वायर खाली झोळ देऊन आणावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे खारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. उरलेले सुटे चुंबक लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याचे पदर एकमेकांशी आवळून धरतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे. चुना डोळ्यांत उडाला तर निदान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

या छंदाच्या बाजूने बोलताना आणखी एक सांगणे माझे कर्तव्य आहे. आपल्या देशात पाषाणी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातला प्रवाळाचा तुकडा, मग तो मेलेला का असेना, घरी आणणे हा गुन्हा आहे. मत्स्यालयात जे आणायचे त्याच्या कायदेशीर उगमाची कागदपत्रे विक्रेत्याकडून मागून घेतलीच पाहिजेत.

मत्स्यालयाचे साहित्य विकणाऱ्या दुकानदारांना माझी विनंती आहे की, सुट्या चुन्याच्या पुडीवर ‘लिटरला एक चमचा’ असे न लिहिता ग्रॅममध्ये वजन लिहावे, सोबत झाकण लावून मंद ढवळण्याची सूचना द्यावी आणि डोळ्यांच्या काळजीचा मजकूर मराठीत छापावा. आपल्या विज्ञानविषयक पानात स्टररची कृती कधी छापली, तर चुन्याच्या निवळीची ही बाब तिच्यासोबतच, त्याच मजकुरात यावी, एवढी विनंती आपल्यालाही करतो.

आपला,
एक वाचक, ठाणे