पेरलं पोरीनं, नाव खाटकाचं

नॉटिंगहॅम,
12 ऑक्टोबर

ती. दादा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

इथं सकाळी नऊ डिग्री असतं. सोलापुरात अजून दिवसभर पंखा फिरत असेल.

परवा समोरच्या आजींनी फाटकाशी सफरचंदांचं खोकं ठेवलं, वर चिठ्ठी: फुकट न्या. फुकट म्हटल्यावर मी चार उचललीच. बसकी, हिरवी, एका अंगाला लाल रेघा. एकेक मुठीत मावेना. रस्त्यातच चावा घेतला आणि दात असे आंबले की रात्री चपातीसुद्धा चावेना. हे ब्रॅम्ले, शिजवून खायचं सफरचंद!

मग त्याला कैरीच समजले. फोडी करून थोड्या पाण्यात ठेवल्या. वरणाला फोडणी देऊन वळते तोवर एक फोड शिल्लक नाही, नुसता फेसाळ गर. खायची सफरचंदं अशी विरघळत नाहीत. गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ घालून पन्हं केलं. आई, तुझ्या पन्ह्याचा रंग काही आला नाही, पण स्वेटर घालून दोन पेले प्याले.

दादा, तुमच्या कामाचं पुढंच आहे. याचं बी लावून हेच फळ मिळत नाही, कलमच करावं लागतं. शिवाय याचा पराग निकामी, म्हणून जवळ दुसऱ्या जातीची झाडं लागतात. आणि कलमच म्हटल्यावर आजींच्या परसातलं झाड मूळच्या एकाच झाडाचा तुकडा! ते मूळ झाड इथून वीसेक किलोमीटरवर, साउथवेल गावात. आता बुरशीनं पार खालावलंय, तुमच्या मर रोग लागलेल्या डाळिंबांसारखं.

1809 मध्ये मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं एका सफरचंदाचं बी लावलं, त्यातून ते मूळ झाड उगवलं. 1846 मध्ये ते झाड असलेलं घर मॅथ्यू ब्रॅम्ले या खाटकानं घेतलं. दहा वर्षांनी हेन्री मेरीवेदर नावाचा रोपवाटिकेतला पोरगा कलमाच्या काड्या मागायला आला. खाटकानं दिल्या, पण अट घातली की नाव माझंच लावायचं. लागलंही.

वाचलं आणि आपल्या विहिरीजवळचं डाळिंब आठवलं. खड्डा आईनं काढला, उन्हाळाभर घागरीनं पाणी तिनंच घातलं. लोक मात्र 'दादांचं डाळिंब' म्हणून गुटी कलम मागायला येतात, आणि तुम्ही ओट्यावर बसून मिशीत हसता.

यंदा गुट्या बांधाल तेव्हा पिशवीवर आईचं नाव लिहा. आणि कुणी इकडे येणारं असेल तर शेंगाचटणी पाठवा, जरा जास्तच.

तुमची लेक