छताच्या नळीला क्लॅम्पचा जोड नको

मा. संपादक,

कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता-मिटता येणाऱ्या गाडीच्या छताची हायड्रॉलिक (दाबाखालचे तेल नेणारी) नळी फुटली, की अनेकजण रबरी होज आणि क्लॅम्प लावून मोकळे होतात. पंप सुरू होताच दाब शेकडो पीएसआयवर (दर चौरस इंचावर पौंड) जातो आणि हा जोड सटकतो. नळी बहुधा बिजागरीपाशी वाकून वाकून चिरते. तिथे जोड देऊच नये, अख्खी नळी बदलावी. सरळ भागात मात्र ती काटकोनात कापून त्याच मापाचे उच्च दाबाचे फिटिंग चालते. आधी छताला टेकू द्यावा, दाब उतरवावा. गळती बोटाने मुळीच चाचपू नये, पुठ्ठा धरावा. सुईसारखा फवारा थेट कातडीत शिरतो. खनिज तेलाच्या यंत्रणेत ब्रेक ऑइल घातले, तर सील (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) फुगून बाद होतात. शेवटी टाकीतली पातळी बघत छत ४-५ वेळा उघडावे-मिटावे, म्हणजे अडकलेली हवा निघते.

– एक वाहन तंत्रज्ञ