राकसकोपची पातळी आणि आमचे तळे

महोदय,

पावसाळा सुरू झाला की मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाची पातळी वर्तमानपत्रांतून रोज छापून येते. 2475 फूट ही तिथली पूर्ण पातळी बेळगावकरांना पाठ झालेली असते आणि ती गाठायला अजून किती फूट बाकी आहेत, यावर शहरातल्या नळांची चिंता कमी-जास्त होत राहते. हे योग्यच आहे. मात्र त्याच मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात, त्याच पावसावर भरणाऱ्या लहान लहान गावतळ्यांची पातळी कोणी विचारत नाही. त्यांची आठवण होते ती सुशोभीकरणाचे अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर. आमच्या तळ्याच्या नशिबी सध्या हेच आले आहे, म्हणून हे पत्र.

आमचे गाव तालुक्याच्या पश्चिम भागातले, लहानसे. नाव मुद्दाम देत नाही. दिले तर हे पत्र एका पंचायतीवरचा आरोप ठरेल आणि शेजारच्या गावांना आपला याच्याशी काही संबंध नाही असे वाटेल. तळे गावाच्या वरच्या अंगाला आहे. डोंगराकडून येणारे दोन ओहोळ मातीचा बांध घालून अडवलेले, बांधाला पाण्याच्या बाजूने दगडांचे अस्तर (पिचिंग), मधोमध शेतांना पाणी सोडण्याची मोरी आणि एका टोकाला जास्तीचे पाणी सोडून देणारा सांडवा, अशी त्याची साधी रचना आहे. हे तळे कदंब राजांनी बांधले असे गावात सांगतात. हलशी ही कदंबांची राजधानी आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे आपल्या भागात कोणतीही जुनी वास्तू एक तर कदंबांची असते, नाही तर पांडवांची. बांधावर शिलालेख नाही, तेव्हा मी तसा दावा करणार नाही. सातबाऱ्याच्या जागी आमच्याकडे आता जो कन्नड उतारा मिळतो, त्यावर ‘केरे’ अशी नोंद आहे आणि आमच्या तोंडी ‘तळे’ आहे. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी ते मुंबई राज्यात होते, मग म्हैसूर राज्यात गेले, 1973 पासून त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. सीमाप्रश्नाबद्दल माझे मत इतर मराठी माणसांसारखेच ठाम आहे. परंतु तळ्याच्या बाबतीत आमची आणि पलीकडच्या कन्नड वाडीची पाळी एकाच मोरीवर लागते, आणि त्यावरून भाषेचे भांडण झाल्याचे मला तरी आठवत नाही. पाण्यावरून भांडणे मात्र पुष्कळ झाली.

या तळ्याचा खरा इतिहास त्याच्या वापरात आहे. रोहिणीच्या आधी कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी होते, तेव्हा त्याचा काही उपयोग नसतो, कारण ते तळाला गेलेले असते. खरी कसोटी हस्ताच्या सुमारास लागते. भात पोटरीत असताना पावसाने दडी मारली, तर मोरीचे बूच काढून पाळीपाळीने पाणी सोडायचे. किती वेळ सोडायचे हे मोरीशेजारच्या दगडावर कोरलेल्या खुणांवरून ठरे. खालची खूण उघडी पडली की बूच बंद, कारण उरलेले पाणी गुरांचे. भातकापणीनंतर त्याच ओलीवर मसूर आणि वाटाणा निघे, आणि बांधाखालच्या विहिरी वैशाखापर्यंत आटत नसत. माझे वडील काही वर्षे हे बूच सांभाळत होते. त्यांना त्याबद्दल पगार नव्हता, सुगीला प्रत्येक खळ्यावरून थोडे भात मिळे. शिव्या वर्षभर मिळत.

उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढण्याचे काम कोणत्याही योजनेविना होत असे. ज्याला शेतात घालायला गाळ हवा, त्याने गाडी जुंपून उताराने तळ्यात उतरायचे आणि हवा तेवढा भरून न्यायचा. तळे खोल राही, शेत कसदार होई आणि कोणाचे बिल निघत नसे. त्याच उताराने ज्येष्ठ पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला बैल धुण्यासाठी उतरत, रोज सकाळी म्हशी उतरत, आणि बाजूच्या दगडांवर बायका धुणी धूत. कोणाच्या घरी सोयरीक जुळते आहे, कोणाचा मुलगा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लागला, हे सारे गावाला त्या धुण्याच्या दगडांवरून कळे. भाद्रपदात गौर आणायला मुली इथेच येत आणि पाच-सात दिवसांनी गणपतीही इथेच बोळवत. आता घरोघर नळ आले आहेत आणि धुण्याच्या दगडांवर पूर्वीची गर्दी नाही, हे मला मान्य आहे. जुने ते सगळे सोने असे मी म्हणत नाही. तळ्यावरून घागरी वाहून आणताना माझ्या आईची कंबर गेली. पण शेती आणि म्हशी अजून आहेत, आणि त्यांना तळे लागते.

सुशोभीकरणाच्या नव्या आराखड्यात तळ्याभोवती उभी काँक्रीटची भिंत, तिच्यावर फरशीची पायवाट, दिवे आणि बाके आहेत. गुरांचा उतार त्यात बुजतो. गाळाची गाडी अथवा ट्रॅक्टर उतरायला वाट राहत नाही, म्हणजे यापुढे गाळ काढायचा तो ठेकेदाराने आणि सरकारी पैशाने. वरच्या ओहोळांबद्दल मात्र आराखड्यात अक्षर नाही. त्यातल्या एकाच्या पात्रात घरे उठली आहेत आणि दुसऱ्यातून गावाचे सांडपाणी येते. पाणी येण्याची वाट मोकळी न करता काठ सजवणे म्हणजे विहिरीला पाणी नसताना रहाट रंगवण्यातला प्रकार आहे. सांडव्याचे काय होते ते तर आम्ही पाहिले आहे. रस्ता रुंद करताना सांडव्याच्या तोंडावर भराव टाकून लहान नळ बसवण्यात आला होता. 2019 च्या ऑगस्टमध्ये जिल्हाभर महापूर आला, तेव्हा त्या नळातून पाणी मावेना. ते उलटून खालच्या आळीत शिरले आणि चार घरांच्या मातीच्या भिंती पडल्या. दोष पावसाला देण्यात आला. तो भराव आजही तिथेच आहे.

केंद्र सरकारने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलसाठे गणनेत देशभरात 24,24,540 जलसाठे नोंदवले गेले, त्यांतले 97 टक्के ग्रामीण भागातले. गावतळी आणि सामायिक जमिनी यांवरची अतिक्रमणे काढून त्या गावाला परत देण्यासाठी योजना आखा, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 च्या निकालात सर्व राज्यांना सांगितले होते. मोजणीही झाली, निकालही आहे. ग्रामसभेत आराखडा वाचून दाखवण्यात आला तो कन्नडमध्ये, दहा मिनिटांत, आणि उताराबद्दल विचारले तेव्हा ‘नंतर बघू’ असे उत्तर मिळाले. काम सुरू होण्यापूर्वी गुरांचा आणि गाळाचा उतार कायम ठेवावा, सांडवा पूर्वीच्या रुंदीचा करावा आणि आराखड्याची मराठी प्रत गावाला द्यावी, एवढीच आमची मागणी आहे. बाके नंतर आली तरी चालतील, मीही बसेन.

आपल्याकडेही एक मागणे आहे. राकसकोपच्या चौकटीखाली आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा द्या आणि ज्या गावांना आपल्या तळ्याची पातळी कळवायची असेल त्यांना कळवू द्या. आमच्या मोरीशेजारचा खुणांचा दगड अजून शाबूत आहे. सर्वांत वरच्या खुणेपासून पाणी किती हात खाली आहे, ते दर सोमवारी सकाळी मोजून मी आपल्याला कळवीन.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
बेळगाव तालुका, पश्चिम भाग